नाक मोकळं झालं, असं वाटलं!

गेल्या महिन्यात एका प्रदर्शनात निलगिरी तेलाच्या स्टॉलवर माझ्या हातात एक पत्रक पडलं. हिरव्या शाईत छापलेलं, वर मथळा ‘एक तेल, एकवीस उपयोग’. सर्दी, खोकला, दमा इथून सुरुवात. मग सांधेदुखी, केसगळती, मधुमेह, नैराश्य. मध्येच डास, झुरळं आणि फरशी. एकविसाव्या क्रमांकावर ‘रक्तातील ऑक्सिजन वाढवते’. तळाशी ठळक अक्षरांत तीन वाक्यं: ‘हजारो वर्षांची ऋषिपरंपरा. शंभर टक्के नैसर्गिक. कोणताही दुष्परिणाम नाही.’ यातलं मधलं वाक्य कदाचित खरं असेल. पहिलं धडधडीत खोटं आहे आणि तिसरं जिवावर बेतणारं.

अशी पत्रकं रोज वाटली जातात आणि मी ती रोज टाकून देतो. हे टाकवलं नाही, कारण माझ्यापुढे रांगेत एक तरुण आई उभी होती. कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ, त्याचं नाक गळतंय. तिने विचारलं, ‘‘याला चालेल ना हो?’’ विक्रेता म्हणाला, ‘‘बिनधास्त, ताई. टोपऱ्याला लावा, छातीला चोळा, फारच दाटलं तर दोन थेंब मधातून चाटवा. झाडाचंच तर आहे!’’ मी तोंड उघडेपर्यंत तिने पैसे दिले आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली. (वर्षाच्या आतल्या बाळाला मधसुद्धा देऊ नये, हे तर आणखी वेगळंच.) हा लेख त्या ‘चाटवा’पायी लिहावा लागतोय.

मी एकतीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं. या तेलाच्या किती बाटल्या विकल्या त्याची मोजदाद नाही. माझ्या स्वतःच्या घरात आजही एक आहे. तेव्हा माझं भांडण तेलाशी नाही, त्याच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या या एकवीस थापांशी आहे.

आधी ऋषींचं बघू. चरकाने किंवा सुश्रुताने हे झाड पाहिलेलं असणं शक्यच नाही. त्याचं मूळ घर ऑस्ट्रेलिया. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत, १७७७ साली, टास्मानियालगतच्या ब्रूनी बेटावर गोळा केलेली एक डहाळी लंडनला पोचली. तिच्यावरून लेरिटिये या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८८ मध्ये या प्रजातीचं बारसं केलं. कळीवर टोपीसारखं झाकण असतं म्हणून नाव ‘यूकॅलिप्टस’, म्हणजे ग्रीकमध्ये ‘नीट झाकलेलं’. टिपू सुलतानाच्या काळात नंदी टेकडीवर काही रोपं लागली असं सांगतात. निलगिरी पर्वतात ते झाड १८४३ च्या सुमारास आलं, आणि तेही वनौषधी म्हणून आलं नाही. उटीतल्या गोऱ्या साहेबांना आणि लष्कराला सरपण हवं होतं, तिथली शोला जंगलं तोडून संपत चालली होती, झटपट वाढणारं काहीतरी लावायचं होतं. डोंगराचं नाव झाडाला चिकटलं आणि इतकं घट्ट चिकटलं, की आज आपल्याला झाडही डोंगराइतकंच जुनं वाटतं. तेलाचा धंदाही परका. जोसेफ बोसिस्टो नावाच्या औषधविक्रेत्याने १८५२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात पानांचा अर्क काढून विकायला सुरुवात केली. म्हणजे ज्या आजीच्या बटव्याचा हवाला हे पत्रक देतं, त्या आजीच्या पणजीने ही बाटली पाहिलेलीसुद्धा नव्हती.

काही पुस्तकांत ‘तैलपर्ण’ म्हणजेच निलगिरी, असं ठोकून दिलेलं आढळतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘तैलपर्णिक’ हा शब्द आहे खरा, पण तो सुगंधी द्रव्यांच्या एका वर्गासाठी, चंदन-अगरूच्या पंक्तीत. जुना संस्कृत शब्द उचलायचा, नव्या झाडाला डकवायचा आणि मग शब्दाच्या वयाने झाडाचं वय मोजायचं! आयुर्वेदावर माझा राग नाही. सुंठ, अडुळसा, तुळस, ओवा असं स्वतःचं कितीतरी त्याच्याकडे आहे. परक्याचा माल त्याच्या खात्यावर कशाला मांडायचा?

आता ‘नैसर्गिक’. पानं पाण्याच्या वाफेवर ठेवायची, वाफ थंड करायची, वर तरंगणारं तेल वेगळं करायचं, असा हा साधा उद्योग. त्या तेलात मुख्य रसायन एकच, सिनिओल. युरोपच्या औषधसंहितेप्रमाणे औषधी निलगिरी तेलात ते किमान ७० टक्के हवं. हे सिनिओल कोणत्या जातीचं आहे ते ओळखायचं तर थर्माकोलच्या तुकड्यावर तेलाचे चार थेंब टाकून बघा. थर्माकोल खचतो, विरघळतो. बाटलीवरच्या लेबलाचा चिकट डिंक याने निघतो, कपड्यावरचं डांबर निघतं. दाताचे डॉक्टर रूट कॅनाल पुन्हा करायची वेळ आली की आत भरलेलं गटापर्चा विरघळवायला हेच वापरू शकतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खाणींत शिसं आणि जस्ताचं खनिज फेसावर तरंगवून दगडापासून वेगळं करायला निलगिरीचं तेल लागायचं. म्हणजे आपण ज्याला ‘झाडाचंच तर आहे’ म्हणतो, ते रसायनाच्या भाषेत एक चांगलं कामसू द्रावक आहे. टर्पेन्टाइनही पाइनच्या झाडाचंच असतं. ते कोणी मधातून चाटवत नाही.

झाडाने हे तेल आपल्या सर्दीसाठी बनवलेलंही नाही. पानं कोणी खाऊ नयेत म्हणून केलेली ती तजवीज आहे. कोआला नावाचा प्राणी ती पानं खाऊन जगतो, कारण त्याच्या यकृताकडे हे विष निकामी करण्याची खास यंत्रणा आहे. सात महिन्यांच्या बाळाकडे नाही.

आणि ‘शंभर टक्के’चं काय? जगाच्या बाजारात निलगिरी म्हणून खपणाऱ्या चिनी तेलातला मोठा भाग प्रत्यक्षात कापराच्या झाडाच्या तेलातून वेगळा काढलेला असतो. रस्त्याकडेला मिळणाऱ्या बाटलीवर सिनिओलचं प्रमाण नसतं, बॅच क्रमांक नसतो, तारीख नसते. त्या स्टॉलवरच्या बाटलीवरही नव्हती. मी उलटसुलट करून पाहिली.

आता मुद्द्याचं. ‘पण काका, नाक तर मोकळं होतं ना!’ हे वाक्य मी काउंटरवर हजारदा ऐकलंय, आणि खोटं नाही सांगत, कित्येक वर्षं मीही तेच मानत होतो. हुंगल्याबरोबर आत गार वारा शिरतो, डोळ्यांत पाणी येतं, श्वास सुटल्यासारखा वाटतो. यावर अविश्वास कसा ठेवायचा?

कार्डिफच्या संशोधकांनी १९८३ मध्ये नेमका हाच प्रश्न यंत्रापुढे ठेवला. लोकांना कापूर, निलगिरी आणि मेंथॉल यांची वाफ हुंगायला दिली. आधी आणि नंतर नाकातून हवा जायला किती अडथळा होतो ते मोजलं. बहुतेकांनी सांगितलं, गार वाटलं, नाक मोकळं झालं. यंत्राने सांगितलं, अडथळा होता तेवढाच आहे. नाक उघडलं नव्हतं, उघडल्याची जाणीव तेवढी झाली होती.

हे कसं होतं याचा उलगडा पुढे झाला. गारवा ओळखणारा एक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, आपल्या मज्जातंतूंवर असतो. तो थंड हवेने जागा होतो, तसाच मेंथॉलने आणि सिनिओलनेही जागा होतो. पेपरमिंटची गोळी चघळून साधं पाणी प्या. पाणी फ्रिजमधलं लागतं, तापमान मात्र माठातलंच असतं. नाकात तेच घडतं. २००२ मध्ये हा ग्राहक ओळखणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहकांवरील कामासाठी नोबेल मिळालं. साल होतं २०२१.

ते साल विसरता येत नाही, कारण त्याच साली, एप्रिलमध्ये, कोविडच्या लाटेत आपण पोटल्या हुंगत होतो. कापूर, लवंग, ओवा आणि वर निलगिरीचे थेंब, रुमालात बांधलेली पुरचुंडी. ‘दर तासाला हुंगा, ऑक्सिजन वाढतो.’ माझ्या दुकानात भीमसेनी कापूर आणि निलगिरी दोन्ही चार दिवसांत संपलं. घाऊक व्यापारी म्हणाला, वरूनच माल नाही. त्याच महिन्यात, २१ तारखेला, नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून जास्त रुग्ण गेले. ऑक्सिजन ही काय चीज आहे ते अख्ख्या महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिलं. आपण श्वासात घेतो त्या हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो. पोटली त्यात एक कणही घालू शकत नाही. सुजलेल्या फुफ्फुसातून तो रक्तात उतरत नसेल, तर कापराचा वास ती वाट उघडू शकत नाही.

‘निदान बरं तर वाटतं,’ असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर कठोर आहे. त्या आजारात बरं वाटणं हाच घात होता. ऑक्सिमीटरचा आकडा घसरत असताना माणसं बोलत बसलेली असायची. त्यांना श्वास सुटल्याचा खोटा भास देणारी वस्तू हातात देणं म्हणजे रुग्णालयाची वाट उशिरा धरायला लावणं. पोटलीने कोणाला मारलं असं मी म्हणत नाही. वेळ खाल्ला असणार, एवढं मात्र मी खात्रीने म्हणतो.

वासाने रोग पळतो ही समजूत आजची नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात हे ‘तापाचं झाड’ म्हणून प्रसिद्ध होतं. रोमजवळच्या त्रे फोंताने मठात संन्याशांनी यूकॅलिप्टसची लागवड केली ती मलेरिया हटवायला. मलेरिया म्हणजेच ‘वाईट हवा’, तेव्हा चांगला वास हा तिच्यावर उतारा! १८९७ मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला आणि हवेवरचा आळ मिटला. आपली समजूत अजून मिटलेली नाही.

वाफाऱ्याचा विषय निघालाच आहे, तर तेही बोलून टाकू. सर्दीत गरम दमट हवा हुंगून फायदा होतो का, यावरचे प्रयोग चंडीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी एकत्र करून तपासले. ठोस फायदा दिसला नाही, ठोस तोटाही नाही. म्हणजे मोठ्या माणसाने डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेतली आणि बरं वाटलं, तर घ्या बापडे. पण पोराला मांडीवर घेऊन उकळत्या पातेल्यावर वाकवू नका. कोविडच्या काळात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात वाफाऱ्याने भाजलेल्या मुलांची संख्या एकदम वाढली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना तसं जाहीरपणे लिहावं लागलं. भाजतं ते वाफेने कमी, कलंडलेल्या पातेल्याने जास्त.

एवढं लिहिल्यावर एखादा वैतागून म्हणेल, ‘तुम्हा औषधवाल्यांना झाडपाल्याचं वावडंच! कंपन्यांचा माल खपायला हवा ना.’ या आरोपाला उत्तर देणं भाग आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे. सिनिओल निकामी नाही. जर्मनीत त्याच्यावर नीट प्रयोग झालेले आहेत. स्टेरॉइडच्या गोळ्यांवर असलेल्या ३२ दमेकऱ्यांपैकी काहींना बारा आठवडे रोज तीनदा २०० मिलिग्रॅम सिनिओल दिलं, बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी. सिनिओल घेणाऱ्यांचं स्टेरॉइड सरासरी ३६ टक्क्यांनी कमी करता आलं, दुसऱ्या गटाचं ७ टक्क्यांनी. हा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा वर्षांनी दीर्घकालीन श्वासरोगाच्या २४२ रुग्णांवरचा प्रयोग आला, त्यात आजार उफाळून येण्याचं प्रमाण घटलं. साधं, पू न झालेलं सायनस असलेल्यांनाही गुण आलेला दिसला.

मग पत्रकवाला बरोबर निघाला? अजिबात नाही. ते शुद्ध सिनिओल होतं, मोजून भरलेलं, पोटात न विरघळता आतड्यात विरघळेल अशा कॅप्सूलमध्ये. घेणारे प्रौढ रुग्ण होते, त्यांची नेहमीची औषधं चालूच होती, डोळ्यांत तेल घालून पाहणारे डॉक्टर शेजारी होते. रुमालावरचा थेंब म्हणजे ते औषध नाही आणि बाटलीतलं तेल चमच्याने पिणं तर मुळीच नाही. उलट मी विचारतो, ज्या रसायनात दमेकऱ्याचं स्टेरॉइड कमी करण्याइतकी ताकद आहे, त्याला ‘कोणताही दुष्परिणाम नाही’ हे वाक्य लागूच कसं पडेल? दोन्हींपैकी एक काहीतरी ठरवा.

दुष्परिणाम आहे, आणि तो नोंदलेला आहे. मेलबर्नच्या बालरुग्णालयाने १९९५ मध्ये निलगिरी तेल प्यायल्यामुळे दाखल कराव्या लागलेल्या १०९ मुलांचा हिशोब मांडला. निम्म्याहून अधिक मुलांना त्रास झाला होता. २८ टक्के मुलांची शुद्ध कमी-अधिक हरपली होती. बहुतेकांनी ते तेल घरात वाफाऱ्यासाठी काढून ठेवलेल्या द्रावातून घेतलं होतं, म्हणजे सर्दीवर उपाय म्हणून हाताशी ठेवलेल्या तेलातून. एक चहाचा चमचा म्हणजे पाच मिलिलिटर. लहान मुलाला गुंगी आणायला तेवढं पुरतं.

आपल्याकडचं उदाहरण आणखी जवळचं. दक्षिण भारतातल्या चार रुग्णालयांत मेंदुविकारतज्ज्ञांनी चार वर्षं एक साधी गोष्ट केली: फिट आलेल्या माणसाला विचारलं, आधी कोणतं तेल, बाम किंवा पेस्ट वापरली होती? ३५० पैकी ५५ जणांच्या बाबतीत निलगिरी किंवा कापूर असलेल्या वस्तूशी दुवा सापडला. कोणी हुंगलं होतं, कोणी अंगाला चोळलं होतं, कोणी पोटात घेतलं होतं. दुवा सापडला म्हणजे कारण पक्कं झालं असं नाही, हे मी मान्य करतो. पण अपस्माराचा इतिहास असलेल्या माणसाच्या उशाशी तेलाची बाटली ठेवण्याआधी मी आता दहादा विचार करीन, आणि गेली काही वर्षं गिऱ्हाइकांना तसं विचारतही आलो. बहुतेकांनी माझ्याकडे चक्रम म्हणून पाहिलं.

‘आमच्या आजीने सगळ्या नातवंडांना लावलं, कोणाला काही झालं नाही.’ असेल. आजी एक थेंब घ्यायची, तोही रुमालाच्या टोकाला, आणि बाटली फडताळात वरच्या कप्प्यात, देवाच्या तुपाशेजारी जायची. आज तीच बाटली बेडरूममधल्या डिफ्युझरला लागून जमिनीवर असते, रांगणाऱ्या पोराच्या उंचीवर. आणि आजी तान्ह्या बाळासाठी बहुतेकदा ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायची, निलगिरीचं नावही काढायची नाही. आजीचा हवाला द्यायचा तर पुरा द्या.

उरलेल्या उपयोगांवर फार शाई घालवत नाही. मधुमेहाबद्दलचा दावा वाचून गोळ्या बंद करणारा एक जरी निघाला, तरी तो पत्रकवाल्याच्या डोक्यावर. ‘जंतू मारते’ हे काचेच्या बशीत खरं आहे. बशीत फिनेलही जंतू मारतं. डासांचं मात्र थोडं सांगायला हवं, कारण तिथे नावांचा घोळ आहे. डासांवर चालतं म्हणून जे जगभर शिफारशीत येतं ते लिंबाच्या वासाच्या वेगळ्या झाडापासूनचं, प्रक्रिया करून एक विशिष्ट घटक वाढवलेलं द्रव्य, आणि तेही तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नका अशी सूचना सोबत असते. आपल्या निळ्या-हिरव्या लेबलच्या बाटलीतलं तेल ते नव्हे. गुडघ्याला खोबरेल तेलात थोडं मिसळून चोळलं तर ऊब वाटते, निम्मा गुण चोळणाऱ्या हाताचा. फरशी? पुसा खुशाल. पत्रकातल्या एकवीस उपयोगांपैकी हाच एक मला निःशंक मान्य आहे, आणि डिंक काढायचा बाविसावा मी माझ्याकडून देतो.

आता त्या ताईंसाठी, हा लेख त्यांच्यापर्यंत पोचेल अशी वेडी आशा धरून. बाळाला हे तेल चाटवू नका, नाकाजवळ, चेहऱ्याला, टोपऱ्याला लावू नका. दोन वर्षांखालच्या मुलासाठी ते घरात आहे हेच विसरा. नाक गळत असेल तर मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात. अंगावर पाजत राहा. बाळ दूध ओढेनासं झालं, छाती आत खेचायला लागली, तर डॉक्टरकडे न्या. बाटली फेकू नका, फडताळात सगळ्यात वर ठेवा, झाकण घट्ट लावून. आणि कधी चुकून पोराने ती तोंडाला लावलीच, तर मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका. उलटीबरोबर तेल फुफ्फुसात गेलं तर दुखणं दुप्पट होतं. रिक्षा पकडा, तडक रुग्णालय गाठा आणि बाटली सोबत न्या. किती उरलं आहे ते डॉक्टरांना बघायचं असतं.